पट्टीवरची लव

तुटण्याआधी पट्टी बोलते. यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ती ताणायला लागलं की आधी काहीच होत नाही. मग आत कुठेतरी एक तंतू सुटतो आणि कंगव्याचा दात मोडावा तसा बारीक आवाज येतो. मग दुसरा, मग चार-पाच एकदम, आणि शेवटी फटकन सगळी पट्टी. दामिनी पाठमोरी बसलेली असली तरी पट्टी आता कितपत तग धरणार हे तिला त्या आवाजावरून कळायचं.

शहाद्याहून धडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, केळीच्या बागांच्या मध्येच एक कॉलेज होतं. त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती, तीच प्रयोगशाळा. डोंगरातल्या पाड्यांवर पायानं अधू असलेल्या मुलांसाठी हलके आधार बनवायचे, असं तिथलं काम होतं. लोखंडी आधार जड पडतात, मुलं ते काढून टाकतात. म्हणून रेझिनमध्ये बारीक तंतू घालून आधार ओतायचा. हे तंतू प्रिंटर छापायचा. द्रव प्लास्टिकवर प्रकाश टाकून तो केसापेक्षाही बारीक तंतू गोठवत जाई. आधार करण्याआधी त्याच मिश्रणाच्या पट्ट्या करून ताणून पाहायच्या, हे दामिनीकडे होतं.

अडचण एकच होती. छापलेले तंतू फार गुळगुळीत निघायचे. ताण आला की ते तुटायच्या आधीच रेझिनमधून सुळकन निसटायचे.

"मॅडम, आपली पट्टी म्हणजे नवी नवरी शे," यंत्र चालवणारा मिथुन म्हणायचा. "जरासं ताणं का माहेरले पळी जास."

दामिनी हसायची, पण त्या पट्टीच्या जोरावर उद्या कुणाचं तरी मूल उभं राहणार आहे, हे तिच्या डोक्यातून जात नसे. तिची स्वतःची मुलगी, हिरल, तेव्हा नुकतीच भिंत धरून उभी राहायला शिकली होती. दामिनी कामावरून सारंगखेड्याला घरी परतली की आधी मुलीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहायची. कुठे खरचटलंय का, कपाळ गरम आहे का, पोट तटतटलंय का. सासूबाई, वत्सलाबाई, पदर तोंडाशी धरून हसायच्या. "बाजारमान्ही गाय बी कोनी इतकी तपासत नही वं माय!"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हिरलचं जावळ काढलं. घरची रीत अशी की मुलीच्या आत्यानं जावळ पदरात झेलायचं, पुरणपोळीवर ठेवायचं आणि सगळंच्या सगळं तापीत सोडायचं. वत्सलाबाई घाटाच्या पायरीवर बसून न्हाव्याच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

"एक बी केस मांगे ऱ्हावाले नको," त्या दामिनीच्या नणंदेला बजावत होत्या. "तापीमायले समदं देनं पडस."

हिरल बापाच्या, भूपेंद्रच्या मांडीवर रडून लाल झाली होती. दामिनीच्या हाताशी एक बट आली, रेशमासारखी, जरा पिंगट. ती तिनं रुमालात गुंडाळली आणि रुमाल कमरेला खोचला. का, तर तिच्याकडे दोन उत्तरं होती. एक आईचं होतं, जे कोणीही आई देईल. दुसरं प्रयोगशाळेतलं. माणसाच्या केसावर माशासारखे खवले असतात, हे ती शिकलेली होती. आणि जावळाचा केस हा जन्मात एकदाच मिळणारा केस. त्याला टोक असतं, गव्हाच्या कुसळासारखं निमुळतं. एकदा वस्तरा फिरला की पुढे उगवणाऱ्या केसाला ते टोक कधीच येत नाही.

रेझिनला धरून ठेवायचं तर खवले हवेत, ही साधी गोष्ट होती. दुसऱ्याच दिवशी तिनं एक केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्याचा आकार मुळापासून टोकापर्यंत संगणकावर उतरवून घेतला आणि तसेच तंतू छापायला लावले. केस नव्हे, केसाची नक्कल. पट्टीत हिरलचा एक केसही गेला नव्हता. पुढे ही गोष्ट तिनं स्वतःला फार वेळा सांगितली.

ती पट्टी तुटली नाही.

मिथुननं यंत्राचा जोर वाढवत नेला. एकही तंतू बोलला नाही. पट्टी जबड्यांत ताठ उभी राहिली आणि शेवटी यंत्रच आपल्या मर्यादेला येऊन थांबलं. मिथुननं पट्टीवर तळवा ठेवला आणि पटकन काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नही. गरम शे जरा." मग तो ओशाळून हसला. "अंगाला ताप असतो ना, तसं."

ताणलेल्या वस्तूत उष्णता येते, दामिनीनं समजावून सांगितलं. तिला आनंद झाला होता. त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांनी शहाद्याहून जिलेबी आणून खाल्ली. पाऊस संपता संपता त्याच मिश्रणाचा पहिला आधार ओतला गेला आणि मिथुन तो धडगावच्या पुढच्या एका पाड्यावर देऊन आला. तिथे रुपा म्हणून बाई होती. तिच्या मुलीचा डावा पाय जन्मापासून लुळा होता.

पट्ट्यांना लव फुटली ती दिवाळीच्या आधी.

करवतीनं कापलेल्या पट्टीची कड काचेसारखी गुळगुळीत असायला हवी. कपाटात ठेवलेल्या पट्ट्यांच्या कडांवर बारीक, मऊ, पिंगट झालर आली होती. "मॅडम, यांना तं दाढी उनी!" मिथुन म्हणाला. रेझिन आक्रसलं असेल, म्हणून तंतू बाहेर डोकावत असतील, असं दामिनी म्हणाली आणि तिनं कडा घासून घेतल्या. काही दिवसांनी लव पुन्हा आली. आणखी लांब. तिनं पट्ट्या तोलून पाहिल्या. वजन वाढलं होतं. प्लास्टिक हवेतली ओल पितं, हेही पुस्तकातलंच. तिनं पट्ट्या भट्टीत ठेवून दिवसभर वाळवल्या आणि पुन्हा तोलल्या.

वजन तेवढंच राहिलं.

हे ती घरी कुणाशी बोलली नाही. घरी वेगळीच काळजी सुरू झाली होती. अंगणवाडीत हिरलला काट्यावर ठेवलं की काटा आखाजीला होता तिथेच येऊन थांबायचा. सेविका म्हणायची, दात येताना असं होतं. दातही येत नव्हते. जावळ काढलेलं डोकं तसंच राहिलं होतं, सोललेल्या बोरासारखं तुकतुकीत. वत्सलाबाईंनी एरंडेल चोळलं, माक्याचा रस चोळला, कांदा चोळला.

"पोरगी जेवस, खेळस, मंग जास कथं समदं?" त्या विचारायच्या. त्यांच्या हसण्यातली मजा हळूहळू गेली होती.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त ठीक, हाडं ठीक. भूपेंद्र परत येताना मोटारसायकलवर म्हणाला, "सगळं नॉर्मल सांगितलंय त्यांनी. आता तुझ्या लॅबमध्ये नेऊन ताणून बघ तिला, वाढते का." त्याला चेष्टा करायची होती.

एके दिवशी दुपारी हिरलला मांडीवर घेऊन दामिनी तिची बोटं चोळत होती. तिला सहज आठवलं की नखं कापायची राहिलीत. ती नेलकटर घेऊन बसली. नखं बोटांबरोबर होती. तिनं आठवून पाहिलं, शेवटची कधी कापली होती ती. आखाजीच्या आदल्या दिवशी, अंगणात, घाईघाईत.

त्यानंतर कधीच नाही.

हिरल तिच्याकडे बघत होती. ती आता पूर्वीसारखी रडत नसे. जिथे बसवावं तिथे बसून राही, कुणीतरी ठेवून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दामिनीनं कपाट उघडलं. लव बोटभर लांब झाली होती आणि एका बाजूला वळली होती, भांग पाडल्यासारखी. तिनं ती हातात घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खवले दिसले. पण प्रिंटरला ती तंतूचं एक माप देत आली होती, आणि हे तंतू त्याच्या कितीतरी पुढे गेले होते. ते कोणी छापलेले नव्हते. प्रत्येकाच्या शेवटी गव्हाच्या कुसळासारखं टोक होतं.

त्या रविवारी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची गर्दी चढत होती. रस्त्यानं घोड्यांचे ट्रक चालले होते आणि कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. दामिनीनं एकूण एक पट्टी गोळा केली. आधी त्या तोडून पाहिल्या, हातोडीनं, मग करवतीनं. करवतीचे दात बोथट झाले. शेवटी तिनं त्या मोठ्या भट्टीत सारल्या आणि भट्टीचं तापमान जाईल तितकं वर नेलं.

थोड्या वेळानं खोलीभर वास पसरला. रेझिन जळताना तिखट, औषधी वास येतो. हा तो नव्हता. हा जळक्या केसांचा वास होता.

ती खिडकीपाशी उभी राहून रडली. आपण का रडतोय हे तिला सांगता आलं नसतं.

सकाळी हिरलच्या बोटांनी तिच्या गालावर ओरखडा उठला. दामिनी ताडकन उठून बसली. नखं वाढली होती! फार नाही, तांदळाच्या कणीएवढी. डोक्यावर हात फिरवला तर तळव्याला खरखर लागली. तिनं सासूबाईंना हाक मारली. वत्सलाबाई धावत आल्या, हात फिरवून पाहिला आणि तिथेच बसून त्यांनी तापीच्या दिशेनं हात जोडले.

"माय पावनी वं! कांदाना गुन शे यो," मग त्या म्हणाल्या, आणि दामिनी कितीतरी दिवसांनी हसली.

पण खरखर खरखरच राहिली. पुढचा सगळा आठवडा ती रोज उठून बघत होती. नखं कणीएवढीच. अंगणवाडीतला काटा केसभर हलला आणि थांबला. जणू बंद नळाचं थोडं पाणी यावं आणि पुन्हा थांबावं. कुठेतरी अजून एक नळ उघडा होता.

कुठे, ते तिला ठाऊक होतं. मिथुननं आपणहून मोबाइल पुढे केला.

"देखा मॅडम, आपली पोर. धडगावच्या बाजारात भेटली व्हती."

व्हिडिओत एक मुलगी शेळीच्या मागे पळत होती. डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत त्यांचा आधार होता. पळता पळता ती पडली, उठली, पुन्हा पळाली.

"दिवली नाव तिचं. आधार दिला तव्हा माझ्या गुडघ्याएवढी पण नव्हती, मॅडम. आते देखा!"

दामिनीनं व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. ती मुलीच्या पायाकडे बघत नव्हती. मुलीच्या उंचीकडे बघत होती.

"तिचा पत्ता सांग मला," ती म्हणाली. "आधार तपासायला हवा. त्या मिश्रणात दोष निघालाय."

हे ती इतक्या सरळ आवाजात बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं.

हिरलला सासूबाईंपाशी बसवून ती सकाळी निघाली. शहाद्याहून जीप मिळाली. घाटात जीप वळायची तसा मांडीवरच्या रिकाम्या पिशवीचा बंद ती घट्ट धरायची. आधार याच पिशवीतून आणायचा होता. शेजारच्या बायका पावरी बोलीत गप्पा मारत होत्या आणि मधूनच हसत होत्या. तिला वाटलं त्या आपल्यालाच हसतायत. साग वाळले होते. डोंगर राखाडी दिसत होते.

ती मनात वाक्यं जुळवत होती. दुरुस्तीला न्यावा लागेल. नवीन देऊ. लवकरच देऊ. त्या मुलीला पाय नव्हताच, आता पुन्हा नसेल, एवढंच. हिरलचं मात्र सगळंच चाललं होतं. असा हिशेब कुठलीही आई करेल, आणि तो चुकीचा नव्हता.

पाड्यावर पोचायला धडगावच्या पुढे बरंच चालावं लागलं. कुडाचं घर, दारात मोहाचं झाड, आढ्याला मक्याची कणसं टांगलेली. रुपा अंगण सारवत होती. दामिनीनं कॉलेजचं नाव सांगताच तिनं शेणाचे हात धुतले, खाट टाकली, तांब्याभर पाणी दिलं.

"आम्ही यंदा ऊसतोडीला नाही गेलो, बाई," रुपा म्हणाली. गुजरातेत मराठी मजुरांबरोबर ऊस तोडून तोडून तिला मराठी चांगलं येत होतं. "नवरा म्हणाला, पोरगी चालायला लागली, आता तिला टोपलीत घालून कुठे नेऊ. इथेच मजुरी करू. भूक भागेल कशी तरी."

"आधार बघायचाय," दामिनी म्हणाली. "काढून."

"बघा ना. काय झालं त्याला?"

"दोष आहे. न्यावा लागेल मला."

रुपाचा चेहरा पडला, पण तिनं एकदाही विचारलं नाही की परत कधी मिळेल. घरामागून तिनं दिवलीला आणलं. दिवली पळत आली आणि खाटेपाशी थांबली. दामिनीला वाटलं होतं पोर अनोळखी माणसाला बुजेल.

ती बुजली नाही.

रुपानं पट्टे सोडले आणि आधार दामिनीच्या मांडीवर ठेवला. तो गरम होता. आतल्या बाजूला पिंगट, मऊ लव दाट आली होती, मुलीच्या पायाच्या आकारात दबलेली.

"ते मऊ लागतं तिला," रुपा म्हणाली. "रात्री पण काढू देत नाही. त्याच्याशी बोलते."

"काय बोलते?"

"आमच्या भाषेतलं नाही ते. तुमच्यातलं काहीतरी."

आधाराशिवाय दिवलीचा पाय घडी पडल्यासारखा खाली मुडपला. ती जमिनीवर बसली. रडली नाही. पाय ओढत ओढत ती खाटेपर्यंत सरकत आली, दोन्ही हातांनी दामिनीची साडी धरून उठली आणि तिनं डोकं तिच्या मांडीत खुपसलं.

दामिनीनं आधार पिशवीत घालायला उचलला.

आणि तिला पान्हा फुटला.

हिरलनं दूध सोडून महिने झाले होते. छाती आटून गेली होती. आता ती दोन्हीकडून भरून आली, दुखली, ठणकली आणि ब्लाउज बघता बघता भिजला. तिनं पदर ओढून घेतला. पदरही भिजला.

तिनं हिरलला आठवायचा प्रयत्न केला. ओसरीवर बसवलेली हिरल. हिरलचा चेहरा. तिला ओसरी आठवली.

दिवलीनं मान वर केली. तिच्या केसांना तेल नव्हतं, धूळ होती, पण उन्हात ते रेशमासारखे दिसत होते, जरा पिंगट. दामिनीनं नकळत त्यांत बोटं घातली.

रुपानं ओल्या पदराकडे बघितलं आणि नजर वळवली, एका बाईनं दुसरीसाठी वळवावी तशी.

"घरी लहान मूल आहे का, बाई?"

"मुलगी आहे."

"केवढी आहे तुमची?"

दामिनीनं सांगण्यासाठी जमिनीपासून हात वर उचलला. हात वर येत गेला आणि दिवलीच्या डोक्यावर येऊन थांबला.

"एवढी," ती म्हणाली.

मग ती खाली बसली. मुडपलेला पाय तिनं मांडीवर सरळ केला, त्यावर आधार बसवला आणि पट्टे ओवायला घेतले. पट्टा ओढून बसवताना तिनं तो एक भोक सैल ठेवला, वाढायला जागा हवी म्हणून.